वसंतरावांची नोकरी आणि आपली हळहळ

वसंतराव देशपांड्यांबद्दल काहीही लिहून आलं की त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, एवढा मोठा गवई आणि आयुष्याची चोवीस वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये खर्डेघाशी करण्यात वाया गेली. खाली रडक्या इमोजींची रांग. मला हे वाचलं की चीड येते, खरंच. वाया काय गेली? घर कोण चालवणार होतं मग, तुम्ही आम्ही?

मूर्तिजापूरचा १९२०चा जन्म, आईने एकटीने वाढवलेला मुलगा, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकला, लहानपणी 'कालियामर्दन' सिनेमात कृष्ण झाला, पुढे लाहोरला जाऊन असद अली खांसाहेबांकडून मारवा राग घेऊन आला. हे सगळं करून पुण्यात आल्यावर पोटाचं काय? त्या काळात मैफलीच्या बिदागीवर संसार म्हणजे जुगारच की. संस्थानं आटत चाललेली, संगीत नाटक कंपन्या बुडालेल्या, आणि रेडिओचा चेक आला तर आला. अशा वेळी एक तारखेला हातात पगार पडणं ही साधी गोष्ट नाहीये राव. आणि त्या नोकरीत असतानाच सुरेशबाबू मान्यांकडे शिकणं, भेंडीबाजारवाल्या अमान अलींकडून घेणं, पुलंबरोबर मैफली रंगवणं, सिनेमात गाणं, हे सगळं चालूच होतं, 'ही कुणी छेडिली तार' १९५३चं आहे, म्हणजे भर नोकरीतलं! नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, बदली झाली तो भाग मात्र कठीणच, गाणं, साथीदार, श्रोते सगळं मागे टाकून तिकडे जायचं, त्याबद्दल हळहळलात तर मी काही बोलणार नाही.

पण माझं म्हणणं असं की नोकरीपेक्षा त्यांचं जास्त नुकसान आपण श्रोत्यांनी केलं. म्हणजे बघा, माणूस पटियाळा घराण्याचं घेतो, किराण्याचं घेतो, भेंडीबाजारचं घेतो, म्हणजे गाण्याच्या तीन वेगवेगळ्या परंपरांचं, शिवाय डोक्यात दीनानाथ मंगेशकर पक्के बसलेले, आणि हे सगळं एकाच तानेत येऊन आदळतं. ऐकणाऱ्याला सावरायला वेळच मिळत नाही. मग आपले जाणकार (हा शब्द मी जरा खवचटपणेच वापरतोय) म्हणणार, छान आहे हो, पण घराणं कुठलं? ख्याल, म्हणजे शास्त्रीय गाणं, म्हणून गंभीरपणे घेणार नाहीत आणि नाट्यपदाची फर्माईश मात्र सोडणार नाहीत. मजा म्हणजे १९६७च्या डिसेंबरात 'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक आलं आणि घराण्याच्या अभिमानाने पेटलेल्या खांसाहेबाची भूमिका कुणी केली, तर ज्याला घराणं नाही म्हणून नाकं मुरडली त्या माणसाने. वय ४७. तेव्हा कुठे अख्ख्या महाराष्ट्राला कळलं हा काय ऐवज आहे.

आणि तरीही आज दहा जणांना विचारा, नऊ जण कट्यारच सांगतील, फार तर 'दाटून कंठ येतो' नाहीतर 'बगळ्यांची माळ'. गाणी सुंदरच आहेत, वादच नाही. पण त्यांचा मारवा ऐकलाय का शांतपणे? या रागात पंचम (प) नाही, आणि षड्जावर (सा) सारखं येऊन टेकायचं नाही, कोमल रिषभ (रे) आणि धैवत (ध) यांच्यात ऐकणाऱ्याला लटकत ठेवायचं. बाकीचे गवई ती बेचैनी हळूहळू चढवत नेतात. वसंतराव मात्र मध्येच असे काही उसळतात की वाटतं हे आता घसरणार, गेला सूर, आणि ते बरोबर धैवतावर जाऊन उभे! षड्ज येतो तेव्हा आपणच हुश्श करतो. हे ज्याला जमतं त्याला नाट्यसंगीतवाला म्हणून बाजूला बसवायचं म्हणजे कमाल आहे.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९८२ला, आणि १९८३च्या जुलैमध्ये ते गेलेसुद्धा. कट्यारनंतर जेमतेम साडेपंधरा वर्षं.

हे सगळं आत्ता डोक्यात यायचं कारण म्हणजे आमच्या ओळखीतला एक पोरगा, तबला फार गोड वाजवतो, आयटीत आहे, आणि त्याला एका नावाजलेल्या मंडळींच्या घोळक्यात ऐकवलं गेलं की नोकरी करणारा कधी कलाकार होत नसतो, उडी मार. सांगणाऱ्यांपैकी दोघांचे वडिलोपार्जित वाडे आहेत पेठेत. त्याला मी म्हटलं बाबा रे, होम लोन आहे तुझं, उडीबिडी काही मारू नकोस, पहाटेचा रियाज चुकवू नकोस आणि तुझ्या मॅनेजरला सांगून गुरुवारची संध्याकाळ तेवढी मोकळी करून घे, क्लास असतो तुझा.