टेस्ट आधी बायकोचीच करा, भिया

लग्नाला वर्ष उलटून गेलंय, घरात पाळणा नाही, आणि इंदूरच्या रामबागेतल्या मावश्या नमस्कार तुमचा घेतात पण बघतात बायकोच्या पोटाकडे, तर घाबरायचं काही कारण नाही. बायकोला डॉक्टरकडे पाठवा. सोनोग्राफी, हार्मोन, थायरॉइड, नळ्या उघड्या आहेत का बघायचा तो एक्सरे (फार दुखतो म्हणे, आपण बाहेर मोबाईल बघत बसलेलो असतो त्यामुळे तसा काही जाणवत नाही), सगळं करून घ्या. डॉक्टरीणबाई मधेच म्हणतील की जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही काहीतरी निघतं, ह्यांची सिमेन टेस्ट, म्हणजे वीर्याची तपासणी, करून टाका, सगळ्यात सोपी आणि स्वस्त तीच आहे. तेवढ्यात तुम्हाला अर्जंट फोन आला पाहिजे. आपलं इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं, ओला-सुका वेगळा करायला पोरंटोरंसुद्धा शिकली, पण ह्या कचऱ्याला अजून डबा एकच, सुनेचा.

कोणी फारच मागे लागलं तर म्हणा, माझं सगळं व्यवस्थित चालतंय. चालतंच हो. वीर्यात शुक्राणूंचा भाग असतो एवढासा, तो शून्य झाला तरी बाकी कारभारात काडीचा फरक दिसत नाही, त्यामुळे स्वतःला फसवायची सोय निसर्गानेच करून ठेवलीय. जिममध्ये ट्रेनर म्हणेल ती टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं बिनधास्त घ्या. बाहेरून माल यायला लागला की मेंदू आतली फॅक्टरी बंद करायला सांगतो, दंड फुगतात आणि शुक्राणूंचा काउंट पार शून्यावरही येतो, पण शर्टाच्या बाहीतून काउंट कुठे दिसतो. गुटखा चालू द्या, लॅपटॉप मांडीवरच असू द्या, ती जागा शरीरापेक्षा दोन-चार डिग्री गार लागते वगैरे डॉक्टर लोक बोलत राहतात. आणि टेस्टच्या आधी तीन दिवस पथ्य पाळून पास व्हायचा विचार असेल तर शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे आजच्या रिपोर्टात तुमचा मागचा सीझन येणार.

एवढं करून माझ्यावर ती वेळ आलीच. डबी घरूनच भरून आणा म्हणाले, मात्र तासाभरात पोचवा आणि गार होऊ देऊ नका. डिसेंबरची सकाळ, डबी स्वेटरच्या आत बनियनला चिकटवलेली, ॲक्टिव्हा एका हाताने, आणि राजवाड्यापाशी जाम. पोह्याच्या ठेल्यावरून एक ओळखीचा ओरडला, "अरे भिया, छातीत दुखतंय का? ये, गरम पोहे खा, जीरावन टाकून!" पंचेचाळीस मिनिटं झालेली. आयुष्यात पहिल्यांदा मी पोहे-जलेबीला नाही म्हटलं, तो अजून नाराज आहे.

रिपोर्ट आला, एका मिलीत 2 लाख. दोन लाख ऐकून मी खूशच झालो, मग कळलं की डब्ल्यूएचओच्या हिशेबात नॉर्मलची खालची रेघच 1 कोटी 60 लाखांवर आहे. परत केली, तेच. इतका कमी काउंट असला की मग रक्तातली जेनेटिक टेस्ट सांगतात. इथे तुमचा हुकमी एक्का बाहेर काढा: आमच्या खानदानात असलं काही नाही, आजोबांना सात मुलं! मीही काढला. डॉक्टर म्हणाले, असणार कसं, असतं तर खानदान पुढे आलं असतं का? कोणाला एक्स क्रोमोसोम जास्तीचा असतो, एक्स-एक्स-वाय, दर 500 ते 1000 मुलग्यांमागे एक, आणि कित्येकांना तो पत्ता असा मूल होत नाही म्हणून गेल्यावरच लागतो. माझ्या वाय क्रोमोसोमचा एक तुकडा गायब निघाला, एझेडएफसी नावाचा. तो बहुतेक वेळा वडिलांकडून येतानाच गळतो, वडिलांचा स्वतःचा वाय अगदी धड असतो. म्हणजे ज्या वायच्या जिवावर आमच्याकडे वंशाचा दिवा, वंशाचा दिवा चालतं, तोच पार्सलमध्ये फुटून आला.

इक्सीने, म्हणजे एक-एक शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडून, मूल होऊ शकतं. फक्त मुलगा झाला तर हाच तुटका वाय त्याच्याकडे जाणार. मुलीकडे वाय जातच नाही, तिला ह्याची काही झळ नाही. वडिलोपार्जित म्हणून मला मिळालं रामबागेतलं पाऊण खोलीचं भांडण, माझ्याकडून त्याला हे.

घरी येऊन आईला सगळं समजावलं, चित्र काढून. तिने चष्मा लावून रिपोर्ट दोनदा वाचला. म्हणाली, "हा वाय सुनबाईत पण असतो का?"

"नाही गं, फक्त पुरुषात असतो."

"बघ, म्हणजे तिच्यात नाहीच आहे," आई म्हणाली, "तिचं थायरॉइड एकदा परत बघून घ्या."