यात्रेच्या गर्दीत मोबाईल पुरत नाही

मोबाईल आल्यावर एचडी हँडीकॅमची, म्हणजे हातात धरायच्या छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्याची गरज संपली, असे हँडीकॅमवरच्या तुमच्या लेखात म्हटले आहे. बारसे, वाढदिवस यांच्यापुरते मान्य. पण आमच्या सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेला या. संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह, बहुतेकांना लांबूनच बघावा लागतो. तिथे हँडीकॅमचा २०-३० पट ऑप्टिकल झूम खरा कामाला येतो, कारण तो भिंगाने चित्र जवळ आणतो. मोबाईल एका मर्यादेपुढे चित्र नुसते कापून मोठे करतो आणि मिरवणुकीतल्या उंच नंदीध्वजांच्या काठ्यांवरची सजावट पुसट होऊन जाते. शिवाय मिरवणूक तासन्‌तास चालते. हँडीकॅमची बॅटरी संपली की दुसरी लावायची, पुढे चालू.

अंधारात मात्र तो कमी पडतो, हे मान्य करायलाच हवे. प्रकाश टिपणारा सेन्सर लहान, त्यामुळे यात्रेच्या होम मैदानावर रात्री माणसांचे चेहरे दाणेदार येतात. इथे आजचा चांगला मोबाईल सरस ठरतो.

लेखात राहून गेलेला मुद्दा साठवणुकीचा. सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये आणलेल्या एव्हीसीएचडी या एचडी व्हिडिओ साठवण्याच्या प्रकारात सर्वोत्तम दर्जा ठेवला तर तासाला साधारण १० जीबी जागा लागते. लांब चित्रीकरणाचे कार्डावर वेगवेगळ्या फाइलींत तुकडेही पडतात आणि ते जोडायची माहिती इतर फोल्डरांत असते. म्हणून फक्त व्हिडिओच्या फाइली उचलू नका, कार्डावरचे सगळे फोल्डर जसेच्या तसे कॉपी करा आणि दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज त्यात असतात हो!