परदेशातला मेसेज उघडला म्हणून पैसे कापत नाहीत

जुलैमध्ये चार दिवस माझ्या मेसेजवरच्या टिका राखाडीच राहिल्या. दोन टिका होत्या, म्हणजे मेसेज चिपळूणला बाबांच्या फोनवर पोचत होते, पण निळं काही होईना. मी दुबईशेजारच्या शारजात राहते. इकडे मोबाइलवर वाशिष्ठीचं पाणी चढल्याच्या बातम्या आणि तिकडून एक अक्षर नाही. शेवटी न राहवून सरळ आयएसडी कॉल लावला. आईने उचलला आणि पहिलं वाक्य हे: "अगं, ठेव लवकर, तुला पैसे पडत असतील. आणि ते मेसेज नको करूस बाई, उघडले की पंचवीस रुपये जातात म्हणे. आम्ही उघडतच नाही."

हे 'म्हणे' आलं होतं आत्याकडून. तिने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला होता, वर दोन बाणांची खूण असलेला. त्यात काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण तुमच्याही ग्रुपवर तो एव्हाना फिरून गेला असेल. परदेशातून आलेला व्हॉट्सॲप मेसेज उघडला की आयएसडी दराने २५ रुपये कापतात. दुबईत व्हॉट्सॲपवर बंदी आहे आणि मेसेज करणाऱ्याला ५ लाख दिरहम दंड होतो. तिसरी टिक लाल दिसली की सरकारने मेसेज वाचला असं समजा. व्हॉट्सॲप पुढच्या महिन्यापासून पैसे घेणार. भारतातला नंबर परदेशात चालणार नाही. त्यामुळे साधा एसएमएस सगळ्यात स्वस्त, नाहीतर खालच्या लिंकवरून गुलाबी रंगाचं ॲप उतरवून घ्या, परदेशी मेसेज आयुष्यभर फुकट. आणि हे २० जणांना पाठवा.

आधी ते पंचवीस रुपये. मोबाइल कंपनी तुम्हाला डेटा विकते. त्या डेटातून आलेला मेसेज शारजातल्या मुलीने पाठवला की शेजारच्या गल्लीतल्या काकूंनी, याचा दराशी काही संबंध नाही. मजकुराचा मेसेज अगदीच छोटा असतो. एक मेसेज पाच केबीचा धरला तरी १ जीबीत दोन लाख मेसेज बसतात. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की दुसरी राखाडी टिक आली तेव्हाच मेसेज फोनमध्ये उतरलेला असतो. जो काही चिमूटभर डेटा लागायचा तो लागून गेलेला असतो. न उघडून एक पैसा वाचत नाही. माझ्या आईबाबांनी चार दिवस माझे मेसेज डोळ्यांसमोर असून वाचले नाहीत, ते काहीही न वाचवता.

मी त्यांच्यावर चिडू शकत नाही. १९९५ मध्ये आपल्याकडे मोबाइल आला तेव्हा येणाऱ्या कॉललासुद्धा मिनिटाला आठ रुपयांवर पडायचे. येणारे कॉल फुकट झाले २००३ मध्ये. त्यानंतरही कितीतरी वर्षं राज्याबाहेर गेलं की रोमिंगमध्ये फोन घेण्याचे पैसे जायचे. 'घेणाऱ्यालाही पैसे पडतात' हे या पिढीने स्वतःच्या खिशातून शिकलंय. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नेमकी तीच जुनी भीती धरली.

आता मुख्य गोष्ट, ती लिंक. बाकीचे सगळे मुद्दे मला तिच्यापर्यंत माणसाला आणण्यासाठी रचलेले वाटतात. आधी घाबरवायचं, मग फुकटचा उपाय पुढे करायचा.

आईशी बोलता बोलता मी विचारलं, "लिंक दाबली नाही ना कोणी?" पलीकडे गप्प. मग बाबांचा आवाज, "उतरवून घेतलंय ते. पण त्यातून मेसेज काही जाईना."

त्यांनी काय काय केलं ते मी एकेक पायरी विचारून घेतलं. लिंक दाबल्यावर प्ले स्टोअर उघडलं नाही, सरळ एक फाइल उतरली, नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवायची फाइल. फोनने बजावलं की हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलंय. पण फॉरवर्डमध्ये आधीच लिहून ठेवलं होतं की अशी सूचना आली तर घाबरू नका, 'तरीही इन्स्टॉल करा' दाबा. मग ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली. इथे बाबा जे म्हणाले ते मी विसरणार नाही: "मेसेजचं ॲप आहे, मेसेज वाचायला मागणारच की." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चाळीस वर्षं हिशेब लिहिलेला माणूस आहे, तर्काने चालला. फक्त त्या एसएमएसच्या पेटीत बँकेचे ओटीपी येतात, हे त्या घटकेला त्यांच्या डोक्यात नव्हतं. त्यांची पेन्शन ज्या खात्यात जमा होते त्याला हाच नंबर जोडलेला आहे.

याला पुरावा काय म्हणाल तर मुंबई पोलिसांचा घ्या. जून २०२३ मध्ये त्यांच्या उत्तर विभागाच्या सायबर शाखेने अँड्रॉइड वापरणाऱ्यांसाठी खास इशारा काढला होता, या 'पिंक व्हॉट्सॲप'बद्दलच. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: फोनमधले नंबर आणि फोटो यांचा गैरवापर, पैशांचं नुकसान, पासवर्डसारख्या गोष्टी चोरीला जाणं, फोनवरचा ताबाच सुटणं. शिवाय अशी ॲप्स तुमच्या नावाने तीच लिंक तुमच्या ओळखीच्यांना पाठवत सुटतात, म्हणून ती 'घरच्या माणसाकडून' येते आणि आपण विश्वास ठेवतो. २०२३ चा इशारा, आणि तीच चीज नवं वाक्य लावून अजून घरोघर फिरतेय.

आम्ही काय केलं तेही सांगते, कोणाला वेळ आली तर उपयोगी पडेल. आधी फोन विमान मोडवर. मग सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत जाऊन ते काढून टाकलं. होमस्क्रीनवर त्याचं चिन्ह दिसत नव्हतं, यादीत मात्र होतं. मग विमान मोड काढून खऱ्या व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक केलेली डिव्हाइसेस' बघितली, म्हणजे आपलं खातं आणखी कुठे उघडं आहे का ते, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे खात्याला जादा पिन, लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वहिनींचा मुलगा बाबांना घेऊन बँकेच्या शाखेत गेला, नेटबँकिंगचा पासवर्ड आणि पिन बदलून आले. पैसे गेले नव्हते. गेले असते तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला करायचा, हे आता त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या आकड्यांत लिहिलंय. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तिथे कळवलं तर ते अडवता येण्याची शक्यता असते, म्हणून घाई.

खरं व्हॉट्सॲप हिरवं असतं, ते प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरून घेतात, आणि परदेशात मेसेज करायला त्याच्यासाठी वेगळं काही लागत नाही. या विषयावर मला एवढंच पुरेसं वाटतं.

दुबईचा मुद्दा. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरचा आवाजी आणि व्हिडिओ कॉल चालत नाही. इथे इंटरनेटवरून कॉल करायला परवाना असलेली ॲप्सच लागतात. बोटिम त्यातलंच, आणि झूम, टीम्स, गुगल मीट यांनाही परवानगी आहे. पण मेसेज, फोटो, व्हॉइस नोट हे सगळं व्हॉट्सॲपवर राजरोस चालतं, इथलं अर्धं ऑफिस त्यावरच चालतं. पाच लाख दिरहमचा आकडाही हवेतला नाही. तो सायबर गुन्ह्यांच्या कायद्यात आहे, पण खोटा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपला पत्ता) वापरून गुन्हा करणाऱ्यासाठी किंवा गुन्हा लपवणाऱ्यासाठी. आईला 'जेवलीस का' असं विचारणाऱ्यासाठी तो नाही. व्हीपीएन, म्हणजे आपला खरा आयपी पत्ता लपवणारं ॲप, लावून व्हॉट्सॲप कॉल करायच्या भानगडीत मात्र कोणी पडू नये, आणि 'सगळे करतात' हे तिथे उत्तर नव्हे.

मी स्वतः व्हॉइस नोटवर भागवते. लहानपणी आमच्या शेजारी आखातातून टेप केलेल्या कॅसेट यायच्या, कोणी सुट्टीवर येणारा माणूस घेऊन आला तर. सगळं घर टेपरेकॉर्डरभोवती बसून ऐकायचं. आता तेच दीड मिनिटात पोचतं, आणि बाबांना चष्मा शोधावा लागत नाही.

लाल टिक: धादांत खोटं. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) फॅक्ट चेक विभागाने २०२० मध्येच हे खोटं म्हणून सांगितलंय. व्हॉट्सॲप पैसे घेणार: एके काळी पहिल्या वर्षानंतर वर्षाला एक डॉलर अशी फी होती, ती जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली. पुढे.

भारतातला नंबर परदेशात चालणार नाही, हे वाक्य खोटं आहे, पण त्याच्या मागे एक खरी गोष्ट आहे आणि ती परदेशातल्या मराठी माणसांनी नीट समजून घ्यावी. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲप्सना आदेश दिला: ज्या नंबरवर ॲप चालू आहे त्याचं सिम त्याच फोनमध्ये असलं पाहिजे, अशी व्यवस्था ९० दिवसांत करा. आपल्यातले पुष्कळजण व्हॉट्सॲप भारताच्या नंबरवर ठेवतात आणि ते सिम पासपोर्टच्या पाकिटात. त्यांच्यासाठी हा आदेश आहे. सिम फोनमध्ये असेल आणि तुम्ही रोमिंगवर असाल तर अडचण नाही, हेही विभागानेच स्पष्ट केलं होतं. म्हणजे दोन सिमच्या फोनमध्ये भारताचं सिम दुसऱ्या खाचेत ठेवा आणि ते रिचार्ज करून जिवंत ठेवा. बँकेचे ओटीपी यायला तसंही ते लागतंच. नाहीतर व्हॉट्सॲप सरळ इथल्या नंबरवर हलवा. सेटिंग्जमध्ये 'नंबर बदला' केलं की ग्रुप आणि जुनं बोलणं तसंच राहतं. घरच्यांना नवा नंबर मात्र स्वतः फोन करून सांगा, नुसत्या मेसेजवर त्यांनी विश्वास ठेवू नये.

राहिला एसएमएस. 'साधा एसएमएस सगळ्यात स्वस्त' हे लिहिणाऱ्याने परदेशी नंबरवर मराठीत एसएमएस करून पाहिलेला नाही. आपल्या पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएस असतात ते देशातल्या देशात. परदेशातल्या नंबरला पाठवलेल्याचे वेगळे पैसे लागतात. आणि एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात ती रोमन लिपीतली. देवनागरीत लिहायला लागलात की ७० वर आटोपतं, आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळं वेगवेगळं मोजतात. 'ज्येष्ठ' हा शब्द आपल्या डोळ्यांना दोन अक्षरांचा, मशीनला सात खुणांचा. मी आईला पाठवेन असा एक साधा मेसेज मी मोजून पाहिला: "चिपळूणला पाऊस थांबला का? बाबांची औषधं संपली असतील तर आजच आणून घे, मी पैसे पाठवलेत." ८२ खुणा. म्हणजे दोन एसएमएस, आणि दोन एसएमएसचे पैसे. व्हॉट्सॲपवर हाच मजकूर वाय-फायवरून फुकट जातो.

पण एसएमएसला मी टाकाऊ म्हणणार नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण पाण्याखाली होतं तेव्हा इंटरनेट गेलं होतं, फोन लागत नव्हता. दुपारभर मी फोन हातात धरून बसले होते. संध्याकाळी बाबांचा एक एसएमएस आला, रोमन लिपीत, "वर आहोत. ठीक." एवढाच. त्याला डेटा लागत नाही, जरा सिग्नल सापडला की तो निसटून येतो. त्या एका मेसेजसाठी मी कितीही पैसे दिले असते. म्हणून घरच्या फोनमध्ये आयएसडी एसएमएस जाईल एवढा बॅलन्स ठेवायचा, तो संकटासाठी. रोजच्या बोलण्यासाठी नव्हे.

आता आमच्यापुरतं उरलेलं काम. बाबांनी तो फॉरवर्ड खरोखर २० जणांना पाठवला होता. फार फिरलेला मेसेज व्हॉट्सॲप एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवू देतं, म्हणजे त्यांनी वीस वेळा, एकेकाचं नाव शोधून पाठवला. माझ्यासारखी पोरं बाहेर असलेल्या घरांना कळावं म्हणून. त्या वीस जणांची यादी आम्ही कागदावर काढली. रविवारपर्यंत बाबांनी तेरा जणांना फोन केले, त्यातल्या दोघांच्या फोनमध्ये ते ॲप निघालं. सात उरलेत. त्यांतल्या तिघांची मुलं कतारला आहेत, त्यांना आज रात्री आठनंतर फोन करायचे आहेत.