‘वाचता येत नाही ते खाऊ नका’ म्हणणाऱ्यांना गुऱ्हाळावरून उत्तर

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला तीनदा आला : निपाणीच्या पाहुण्यांकडून, संकेश्वरच्या एका गिऱ्हाइकाकडून आणि गावच्या ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा : लेबलवर आकडे दिसले की विष समजा. जे नाव वाचता येत नाही ते खाऊ नका. घटक जितके कमी तितका जिन्नस चांगला. आणि गूळ काळाच घ्या, पिवळा म्हणजे केमिकल. बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यात आजोबांपासून आमचं गुऱ्हाळ आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी आकडे. खाण्यात घालायच्या पूरक पदार्थांना जगभर ठरवून दिलेले क्रमांक म्हणजे आयएनएस. आयएनएस ३३० म्हणजे लिंबात असतं तेच सायट्रिक ॲसिड. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. १०० हा हळदीतला पिवळा रंग, ५२६ म्हणजे विरवलेला चुना. गोकाकच्या करदंट या मिठाईच्या तर नावातच डिंक आहे. कन्नडमध्ये ‘अंटु’ म्हणजे डिंक. बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक कंपनीच्या पाकिटात गेला की लेबलवर ४१४ लिहितात. काही आकड्यांना जपावं लागतं, हे मी नाकारत नाही. २२० ते २२८ ही सल्फाइटं दमा असलेल्या काहींना त्रास देतात. पण तो माणूस त्रासातून बचावतो कशामुळे? आकडा छापलेला असतो म्हणूनच.

‘वाचता येत नाही’ हा नियम आमच्या भागात तर फारच अन्यायाचा. पाकिटावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असते. माझी आत्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली. इंग्रजी लेबलवरचं मीठसुद्धा तिला वाचता येत नाही. सीमाभागात विकायच्या मालावर मराठी आणि कन्नडही छापा, ही मागणी करा, मी पहिली सही करीन. जादा भाषा छापायला कायद्याची आडकाठी नाही.

घटक कमी म्हणजे चांगलं? बेळगावचा कुंदा म्हणजे मुख्यतः आटवलेलं दूध आणि साखर. लेबल याहून आखूड काय असणार? तरी मधुमेह असलेल्या माझ्या वडिलांना तो मी देत नाही. मिरचीत तर घटक एकच. ती ओली राहिली, बुरशी धरली, तर त्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते पूर्णपणे नैसर्गिक, यकृताला घातक, आणि कुठल्याच लेबलवर नसतं.

आता गूळ. गुळाचा रंग उसाच्या जातीवर, जमिनीतल्या क्षारांवर, मळी (रसावर येणारा मळकट फेस) किती काढली आणि चुलवाणाचा जाळ कसा होता यावर ठरतो. को ९२००५ या जातीच्या उसाचा रस नीट निवळला की गूळ सोनेरीच उतरतो. भेंडीची धाटं ठेचून पाण्यात भिजवायची, ते बुळबुळीत पाणी काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, सोडायचं. रस तापला की मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढत राहायची. किंचित चुना घातला की आंबटपणा मरतो, ढेप घट्ट बसते. यात माणूस लागतो, वेळ लागतो.

हायड्रोस, म्हणजे गुळाचा रंग उजळवणारी गंधकयुक्त पावडर, घालणारे आहेत, हे खरं आहे आणि ते वाईट आहे. पण ती पावडर काहिलीत आली कुठून? सौद्यात पिवळ्या गुळाला चढा भाव मिळायचा म्हणून. शिवाय हायड्रोसनं आणलेला पिवळेपणा टिकत नाही, ठेवणीत गूळ काळवंडतो. म्हणजे दुकानातल्या काळ्या ढेपेतही ती असू शकते. आता भाव काळ्याला आहे, तर रस करपवून किंवा मळी न काढता काळा गूळ करणं सगळ्यात सोपं. मजुरी वाचते, वर ‘शुद्ध’ म्हणून दर मिळतो. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’ हे शब्द कधी वापरायचे याला अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०१८ च्या जाहिराती-दाव्यांच्या नियमांत अटी आहेत; ‘क्लीन लेबल’ (मोजके, ओळखीचे घटक) या शब्दांना मात्र तिथे व्याख्याच नाही.

म्हणून विचारायचं तर हे विचारा : रस कशानं निवळला, मळी कितीदा काढली, सल्फरची तपासणी केली का. आमच्याकडे या, काहिलीपाशी उभं राहून बघा.

गेल्या हंगामात एका व्यापाऱ्यानं आमच्या ढेपा ‘पिवळ्या आहेत, गिऱ्हाईक घेत नाही’ म्हणून परत पाठवल्या. त्यात हायड्रोसचा कणही नव्हता. त्या रात्री गूळ शिजवणाऱ्या गुळव्यानं मला विचारलं, “मालक, उद्यापासून जाळ वाढवून रस जरा करपू द्यायचा का?” मी नको म्हणालो. दुसऱ्या दिवशी भेंडी नेहमीसारखीच ठेचली.