कूलंट हवेत विरत नाही

गेल्या दिवाळीनंतर आम्ही सेकंडहँड गाडी घेतली. नऊ वर्षांची, पेट्रोल. रंग, एसी, टायर सगळं पारखून घेतलं, पण कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची बाटली कुणीच बघितली नाही. दर आठवड्याला ती बोटभर उतरायची आणि गाडीखाली मात्र एक थेंब नसायचा. जो तो म्हणायचा, "जुनी गाडी आहे, पाणी टाक आणि चालव." मी तेच करत राहिलो.

जूनमध्ये आईला घेऊन साताऱ्याला निघालो आणि खंबाटकी घाट चढताना काटा लालवर गेला. हीटर फुल सोडला की इंजिनाची थोडी उष्णता बाहेर पडते, हे माहीत होतं. म्हणून एसी बंद करून हीटर लावला, तर समोरची काच आतून धुरकटली आणि गाडीभर गोडसर वास पसरला. गाडी बाजूला घेतली. पाऊण तास कूलंटच्या झाकणाला हात लावला नाही. इंजिन तापलेलं असताना ते उघडलं की उकळतं कूलंट थेट तोंडावर उडतं.

पहिल्या गॅरेजवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला: "हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि गॅस्केट म्हणजे त्याच्या खालचं सील. खर्च तीस हजार. ऑइल दुधाळ झालंय का, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय का, गॅस्केट गेल्याची ही लक्षणं काहीही न बघता! याचा मला अजून राग आहे.

साताऱ्यातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी बाटलीच्या तोंडाला हातपंप लावला, एक बार दाब भरला आणि नुसते थांबले. पंपावरचा काटा हळूहळू उतरत होता, म्हणजे कुठेतरी गळती होती, पण खाली जमीन कोरडी. मग त्यांनी डाव्या सीटपुढची मॅट उचलली आणि खालच्या कार्पेटवर अंगठा दाबला. अंगठा कूलंटने हिरवा झाला. डॅशबोर्डच्या मागे हीटरचा छोटा रेडिएटर असतो, त्यातून गरम कूलंट फिरतं. तोच गळत होता. ती ओल आम्ही पावसाची समजत होतो.

हेड खोलण्याआधी दाबाची तपासणी करायला सांगा. गॅस्केटचीच शंका असेल तर बाटलीतल्या वाफेवर निळ्या द्रवाची चाचणी होते, इंजिनातला जळका वायू कूलंटमध्ये येत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. आणि नुसतं पाणी भरत राहू नका. कूलंटमधलं ग्लायकॉल पातळ होतं, पाणी लवकर उकळतं, आतून गंज धरतो. सांडलेलं कूलंट लगेच पुसून धुऊन टाका. ते गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि त्याने मरतात.

जुनी गाडी बघायला सकाळीच जा, कारण कूलंटचं झाकण थंड इंजिनावरच उघडून बघता येतं. इंजिन सुरू करून ठेवू नका, असं विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. ते कोमट लागलं तर त्या दिवशी व्यवहाराचं बोलू नका.