निर्जळी एकादशी करणाऱ्या बाईला इच्छाशक्ती शिकवू नका

आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी एक मेसेज उगवतो. सार असं : जाडेपणा हा आजार नाही, आळस आहे, तोंड बांधा, वजन उतरेल, मनावर घेतलं त्याने करून दाखवलं, शेतात राबणारा कुणी जाड दिसतो का, आणि वजन उतरवायचं इंजेक्शन म्हणजे पळवाट. खाली अंगठ्यांची रांग. गेल्या वर्षी त्यात एक अंगठा माझाही होता, म्हणून हे लिहितोय.

आधी ‘तोंड बांधा’. माझी मोठी बहीण अमळनेरला असते. आषाढी-कार्तिकीला निर्जळी, श्रावणातले सगळे सोमवार, नवरात्रात नऊ दिवस उपास. वीस वर्षांत तिने एकही मोडलेला मला आठवत नाही. वजन ८८ किलो. मी चतुर्थीला दुपारपासून शेंगदाण्याचा डबा शोधत फिरतो. उंची तिच्याएवढीच, वजन ५९. यंदा उन्हाळ्यात यावलकडे एका लग्नात वरण-बट्टीची पंगत होती. वाढप्याने माझ्या कुस्करलेल्या बट्टीवर तुपाची धार धरली, ती मी हात आडवा करेपर्यंत. ताईच्या पानापाशी मात्र भांडं उचलून घेतलं आणि विचारलं, “ताई, तुम्हाले नको ना?” ती हसून नको म्हणाली. मी तेव्हा चौथ्या बट्टीवर होतो. आमच्यात इच्छाशक्ती कुणाची कमी, ते मेसेजवाल्याने सांगावं.

मग ‘आळस’. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचा एक अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. घरं निराळी, ताटं निराळी, तरी जुळ्यांचा बांधा एकमेकांच्या बराच जवळ निघाला. १९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना एकाच कुटुंबातली दोन मुलं सापडली. त्यातल्या ८ वर्षांच्या मुलीचं वजन ८६ किलो होतं. पोट भरल्याची वर्दी मेंदूला देणारं लेप्टिन त्यांच्या अंगात जवळजवळ नव्हतंच. असा दोष फार दुर्मीळ, ताईला तो आहे असं मी म्हणत नाही. पण आठ वर्षांच्या पोरीला आळशी म्हणणार का?

‘करून दाखवलं’ हा मुद्दा मला जास्त खटकतो, कारण तो अर्धा खरा आहे. वजन उतरतं. ताईनेही एकदा अकरा किलो उतरवलं होतं, दोन वर्षांत परत आलं. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरलं होतं, त्यातलं ४१ परत चढलं होतं. आणि नुसतं बसून शरीर जेवढं जाळतं, ते अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी झालं होतं. म्हणजे साधारण दोन जाडजूड भाकरी. शरीराला वाटतं दुष्काळ पडला, ते काटकसर करतं. भूकही वाढवतं : ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या अभ्यासात डाएटनंतर वर्ष उलटलं तरी भुकेची संप्रेरकं पूर्वपदावर आली नव्हती. ग्रुपवर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो येतात. नंतरच्या नंतरचा कुणी टाकत नाही.

शेतात राबणारा बारीक दिसतो, कबूल. पण दिसतो, एवढंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे सडपातळ माणसालाही साखर होते ती यामुळे. आणि राबणं कमी झालं ते काय सगळ्यांना एकदम कंटाळा आला म्हणून? देशात १५ ते ४९ वयाच्या जादा वजनाच्या बायका २०१५-१६ ला सुमारे २१ टक्के होत्या, २०१९-२१ ला २४. एवढ्याशा काळात लाखो बायकांची इच्छाशक्ती आटली, हे काही पटत नाही.

इंजेक्शनबद्दल थोडक्यात. सेमाग्लुटाइड हे त्यातलंच एक औषध. त्याच्या २०२१ च्या चाचणीत आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना होता. ६८ आठवड्यांत औषधवाल्यांचं वजन सुमारे १५ टक्के उतरलं, नुसत्या सल्लावाल्यांचं अडीचही नाही. बंद केल्यावर वर्षभरात दोन तृतीयांश परत आलं. बीपीची गोळी सोडल्यावर बीपी चढतो, त्याला आपण पळवाट म्हणत नाही. खर्च येतो, मळमळ-उलट्या होतात, डॉक्टरांशिवाय टोचून घेऊ नये. हे वेगळे मुद्दे.

या मेसेजचं नुकसान कुठे होतं, सांगतो. ताई गुडघा धरून एका दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी गुडघ्याला हातही न लावता ‘आधी वजन कमी करा’ म्हणून पाठवलं. पुढे आठ महिने ती कुठल्याच डॉक्टरकडे गेली नाही.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर काकांचा सवाल आला, “मंग भरीत खावाचं का नाही?” खा की. रोज चालाही, वजन हललं नाही तरी साखरेला बरं. फक्त ताई पंगतीला बसली की तिच्या पानाकडे बघू नका.