‘उपक्रम यशस्वी झाला’ : कृतिसंशोधनावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

कृतिसंशोधन, म्हणजे शिक्षकानं आपल्याच वर्गातली अडचण उपाय करून तपासून पाहणं, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंय ते थोडक्यात असं: मुख्याध्यापक म्हणून अशा ढीगभर फायली तुमच्या नजरेखालून गेल्या, पण उपक्रम फसल्याचं एकीतही वाचलं नाही. दहा-पंधरा मुलांवर केलेल्या कामाला संशोधन म्हणणं हाच एक विनोद. आणि मुंबईत मतदार याद्यांतून मान वर काढायला ज्याला फुरसत नाही, त्या शिक्षकाच्या गळ्यात हे आणखी एक लोढणं कशाला? तिन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत, म्हणून उत्तर लांबलंय.

फायलींबद्दल तुमच्याशी वाद नाही. प्रस्तावना, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, गृहीतके, परिकल्पना, कार्यवाही, निष्कर्ष ही प्रकरणं बी.एड.च्या प्रत्येक बॅचला पाठ असतात. कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे मागच्या वर्षीची फाईल मिळते, शाळेचं नाव आणि इयत्ता बदलली की स्पायरल बाइंडिंग करून काम फत्ते. अशा फायलीला तुम्ही रद्दी म्हणालात, मीही म्हणते.

पण ती रद्दी का होते, याचं तुम्ही दिलेलं कारण मला पटत नाही. तुम्ही मुलांच्या संख्येवर बोट ठेवलंत. मला मेख पूर्वचाचणी-उत्तरचाचणीच्या जोडीत दिसते. नेहमीची पद्धत आठवा: वर्गाची चाचणी घ्यायची, सगळ्यात कमी गुणांची दहा मुलं निवडायची, त्यांच्यासाठी उपक्रम घ्यायचा, पुन्हा चाचणी. आता त्या दहांतली काही खरोखर कच्ची असतात. एखादं त्या दिवशी तापात असतं, एखाद्याच्या घरी आदल्या रात्री भांडण झालेलं असतं, एखाद्यानं पेपर उलटून मागची बाजूच पाहिलेली नसते. पुढच्या चाचणीला हा वाईट दिवस सगळ्यांच्याच वाट्याला पुन्हा येत नाही. त्यामुळे मधल्या काळात शिक्षकानं काहीही केलं नाही, तरी या दहांची सरासरी बहुधा थोडी वर येतेच. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे सरकणं म्हणतात. त्यात उत्तरचाचणीत बहुतेकदा सरावातलीच उदाहरणं असतात. म्हणजे ‘उपक्रम यशस्वी झाला’ हे वाक्य पहिल्या दिवशीच लिहून ठेवलं तरी चालेल. दहाच्या जागी शंभर मुलं घेतली तरी ही गोची सुटत नाही, फक्त तक्ता लांबतो.

दुसरा मुद्दा संशोधन म्हणण्या-न म्हणण्याचा. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ साली कृतिसंशोधनाची कल्पना मांडली ती शाळेसाठी नव्हतीच, अमेरिकेतल्या वेगवेगळ्या समाजगटांमधल्या संबंधांसाठी होती: योजना करा, करून पाहा, काय झालं ते तपासा, त्यावरून पुढची योजना बदला. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये ती शाळेत आणली. त्यांचं म्हणणं होतं की अशा कामाची किंमत ते करणाऱ्याच्या स्वतःच्या कामात किती सुधारणा होते यावर ठरवावी. सगळ्या महाराष्ट्राला लागू पडेल असा निष्कर्ष काढायचा हा आटापिटाच नाही. पाचवी ‘ब’मधल्या मुलांबद्दल काही कळायचं असेल, तर पाचवी ‘ब’ हा नमुना नाही, ती अख्खी लोकसंख्याच आहे, म्हणजे ज्यांच्याबद्दल जाणून घ्यायचं ती सगळीच मुलं समोर आहेत.

इंग्लंडमध्ये शिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स स्टेनहाउस १९७५ मध्ये एक पाऊल पुढे गेले. अभ्यासक्रमात जे सुचवलं जातं ते निमूट मान्य करू नका, शिक्षकानं ते आपल्या वर्गात तपासून पाहावं, असं त्यांनी मांडलं. आपल्याकडे २०१९ मध्ये याची नामी संधी चालून आली होती. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २१, २२ या संख्या ‘वीस एक, वीस दोन’ अशा वाचणं आलं आणि गदारोळ उठला. गणितज्ञ मंगला नारळीकर गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्षा होत्या, त्या समजावून सांगत राहिल्या. चॅनेलांवर चर्चा झडल्या, विधानसभेतही टोलेबाजी झाली. मुद्दा साधा होता: ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी येतात, म्हणून काही मुलं ७२ लिहितात. माझ्या वर्गात किती मुलं असं लिहितात? ‘वीस सात’ म्हटल्यावर त्यांतली किती सुधारतात? दहा संख्यांच्या श्रुतलेखनात हे कळलं असतं. स्टाफरूममध्ये मतं सगळ्यांकडे होती, उलट्या लिहिलेल्या संख्यांची मोजदाद मात्र मला कुणाकडे दिसली नाही.

आता एक काम जरा जवळून सांगते. पूर्व उपनगरातल्या एका मराठी शाळेत माझी मैत्रीण चौथीला शिकवते. तिची तक्रार नेहमीचीच: हातच्याची वजाबाकी येत नाही. ‘रोज वीस उदाहरणांचा सराव’ हा उपायही ठरलेला. मी म्हटलं, सराव देण्याआधी चुकलेल्या वह्या बाजूला काढ आणि गुण न देता नुसती उत्तरं बघ. उदाहरण होतं ५०३ वजा २८७. उत्तर २१६. चुकीची उत्तरं पंचवीस प्रकारची असतील असं तिला वाटलं होतं. निघाले मुख्यतः दोनच गठ्ठे. एकात ३८४, दुसऱ्यात २२६.

३८४ वाल्या मुलाला तिनं जवळ घेऊन विचारलं, कसं केलंस रे? तो म्हणाला, “तीनातून सात जात नाहीत, मग सातातून तीन काढले.” प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढायचं, त्याचा हिशेब चोख होता. २२६ वाली म्हणाली, “शून्याकडे काहीच नाही ना बाई, म्हणून पाचाकडून घेतलं. शून्याचे दहा झाले, तीनाचे तेरा झाले.” एकदाच उसनं घेऊन तिनं ते दोघांना दिलं होतं! पहिल्या मुलाला उसनं घेणंच ठाऊक नाही. दुसरीला ठाऊक आहे, पण शंभराची मोड करताना ती एक दशक जास्तीचा मोजते. दोघांना तीच वीस उदाहरणं दिली असती, तर दोघांची चूक आणखी पक्की झाली असती. मुलांच्या चुका अशा नियमबद्ध असतात हे ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये वजाबाकीवरच दाखवलं आहे, त्यामुळे ही माझ्या मैत्रिणीची नवी भर नव्हे. तिची भर एवढीच की आपल्या वर्गातलं कोण कुठल्या गठ्ठ्यात आहे, हे तिला कळलं.

पुढे तिनं खेळातल्या नोटा आणल्या. शंभराची नोट मोडून दहा-दहाच्या घ्यायच्या, त्यांतली एक पुन्हा मोडून सुटे घ्यायचे, हातात दहाच्या नऊच नोटा उरतात. २२६ चा गठ्ठा बराच आटला. ३८४ वाले नोटा हातात असताना बरोबर करत आणि वहीवर परत ३८४ लिहीत. कृतिसंशोधनाच्या फायलीत तिनं हे असंच लिहून दिलं. तपासणाऱ्यांचा शेरा आला: निष्कर्ष नकारात्मक वाटतो, सुधारून आणा. तुम्हाला फसलेल्या उपक्रमाची फाईल का दिसली नाही, त्याचं उत्तर या शेऱ्यात आहे. मधल्या मधे अशा फायली ‘सुधारून’ घेतल्या जातात, आणि शिक्षकांसाठीच्या नवोपक्रमाच्या स्पर्धेतही बक्षीस यशालाच मिळतं.

तिनं निष्कर्ष बदलला नाही, पुढची फेरी मात्र बदलली. वजाबाकीआधी अंदाज लिहायचा: पाचशेतून तीनशे गेले, म्हणजे दोनशेच्या आसपास. मग स्वतःचंच ३८४ काही मुलांना खटकायला लागलं. काहींना अजून खटकत नाही. ते काम चालू आहे.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि तिथे मी तुमच्या बाजूची आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ अशैक्षणिक कामांना मनाई करतं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळून. आणि बीएलओची (मतदार याद्या सांभाळणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची) कामं त्याच फटीतून येतात. त्यात वेगळी तीस पानांची फाईल मागणं हा जाच आहे, ती बंदच व्हावी. पण आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर केलेल्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदी आपण तशाही लिहितोच. ‘गणिती क्रिया अचूक करतो’ हे छापील वाक्य चाळीस मुलांपुढे उतरवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ‘शून्य आलं की एक दशक जास्त मोजते’ असं निदान काही मुलांपुढे लिहून होतं. त्यासाठी वेगळा कागद नको, वेगळी परवानगी नको.

एक विनंती. तुम्ही तपासलेल्या फायलींपैकी काही अजून शाळेच्या कपाटात असतील, तर त्यांत मुलांच्या मूळ उत्तरपत्रिका लावलेल्या आहेत का, की नुसते गुणांचे तक्ते, एवढं बघून कळवाल? उत्तरपत्रिका असतील तर त्यांच्या झेरॉक्स मला हव्या आहेत. मुलांची नावं झाकून पाठवा, खर्च मी देईन.